कार्ताहेना : तटबंदीच्या शहरात तीन दिवस कसे घालवावेत?

मुळामुठा (प्रश्न)

नमस्कार. येत्या जानेवारीत मी आणि माझी आई अटलांटाला मुलीकडे जाणार आहोत आणि तिथून आम्ही तिघी कोलंबियातील कार्ताहेना या शहरात तीन पूर्ण दिवस राहणार आहोत. कॅरिबियन समुद्रकाठचे हे जुने स्पॅनिश शहर, त्याचा तट, रंगीत घरे आणि फुलांनी लगडलेले सज्जे यांची छायाचित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. परंतु माहिती शोधू लागले की तीच ती दहा ठिकाणे आणि सूर्यास्त पाहायच्या जागा एवढेच हाती लागते. चौकशी केलेल्या एका सहल कंपनीने तर जुन्या शहरासाठी अर्धा दिवस पुरेसा आहे, उरलेले दिवस बेटांवर घालवा, असे सांगितले. आम्हाला समुद्रकिनाऱ्यांची फारशी ओढ नाही. मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला आहे आणि हे शहर समजून घेऊन पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आई ७१ वर्षांची आहे. तिचा उजवा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर ती तासभर चालते, पण उंच पायऱ्या तिला जमत नाहीत. आम्ही तिघी शाकाहारी आहोत, अंडी चालतात. ज्यांनी हे शहर स्वतः पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे की तीन दिवसांची आखणी कशी करावी, काय चुकवू नये आणि काय सोडून दिले तरी चालेल.

वेलांटी

मुळामुठाताई, यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षे कोलंबियाच्या राजधानीत, बोगोताला होतो आणि त्या काळात पाहुणे आले की त्यांना घेऊन कार्ताहेनाला जाणे हा आमच्या घरचा रिवाजच झाला होता. पाच वेळा जाऊनही माझे ते शहर पाहून संपलेले नाही. त्यामुळे अर्ध्या दिवसाचा सल्ला तुम्ही मनावर घेऊ नये. तीन दिवस योग्य आहेत आणि तिन्ही दिवस शहरालाच द्यावेत.

सर्वांत आधी वेळेचे सांगते, कारण तिथे ऊन हाच खरा अडसर आहे. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण दहा अंशांवर, म्हणजे आपल्या कोचीच्या जवळपासच्या अक्षांशावर आहे. जानेवारी कोरडा असतो आणि समुद्रावरून चांगला वारा येतो, तरीही अकरा ते साडेतीन या वेळात उघड्यावर फिरणे आईंना सोसणार नाही. सकाळी सातला बाहेर पडावे, अकराला परतावे, जेवून विश्रांती घ्यावी आणि चारनंतर पुन्हा निघावे. दुपारी जायचेच असेल तर प्लाझा बोलिव्हार या झाडांच्या चौकालगतचे सेनू सुवर्ण संग्रहालय पाहावे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या भागात राहणाऱ्या सेनू लोकांचे सोन्याचे काम तिथे मांडलेले आहे. संग्रहालय लहान असले तरी ते पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात राहते, की पेद्रो दे एरेदियाने १५३३ साली हे शहर वसवले तेव्हा ही भूमी रिकामी नव्हती.

आता माझ्या मनातील मुख्य गोष्ट. जुन्या शहरात शिरायचा दरवाजा म्हणजे घड्याळाचा मनोरा. त्या कमानीतून आत गेले की पिवळ्या इमारतींचा एक त्रिकोणी, देखणा चौक लागतो. त्याचे नाव प्लाझा दे लोस कोचेस, म्हणजे बग्ग्यांचा चौक, आणि त्याच्या एका बाजूच्या कमानींखाली मिठाईवाल्यांची रांग आहे. तिथे काचेच्या मोठमोठ्या बरण्यांत नारळाच्या वड्या, दुधाच्या वड्या आणि साखरेत घोळवलेल्या चिंचेच्या गोळ्या भरून ठेवलेल्या असतात. नारळाच्या वडीला तिथे कोकादा म्हणतात आणि चव इतकी आपल्याकडची असते की माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतल्याबरोबर यात वेलदोडा मात्र राहिला, असे म्हटले होते. प्रत्येक पर्यटक त्या चौकात छायाचित्रे काढतो. मात्र आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची विक्री ज्या चौकात होत असे, तो हाच चौक. स्पॅनिश अमेरिकेत गुलामांच्या व्यापाराला परवाना असलेल्या मोजक्या बंदरांत कार्ताहेना हे अतिशय मोठे होते आणि या शहराचे ऐश्वर्य त्या व्यापारातून उभे राहिले. माझे आग्रहाचे सांगणे आहे की पहिल्या दिवशी सकाळी दुकाने उघडण्याआधी त्या चौकात जाऊन दहा मिनिटे शांत उभे राहावे. हे ठाऊक नसताना शहर केवळ सुंदर वाटते. ठाऊक झाले की तट कोणी बांधला, घरे कोणाच्या कष्टांवर उभी राहिली, हे प्रश्न पुढे प्रत्येक वळणावर आपसूक पडत जातात.

तिथून पाच मिनिटांवर सान पेद्रो क्लावेर यांचे चर्च आणि मठ आहे. क्लावेर हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू १६१० साली स्पेनहून इथे आले आणि १६५४ साली याच मठात वारले. गुलामांचे जहाज बंदराला लागले की ते अन्न, पाणी आणि औषधे घेऊन जहाजाच्या तळघरात उतरत. आपण आफ्रिकी लोकांचे कायमचे गुलाम आहोत, अशी प्रतिज्ञा त्यांनी लिहून स्वाक्षरी केली होती. जेझुइटांनी आफ्रिकेतील भाषा जाणणारे दुभाषे ठेवले होते आणि ते दुभाषेही गुलामच होते, हा त्या कथेतला बोचरा भाग आहे. मठाच्या अंगणात दाट झाडी आहे, आईंना तिथे निवांत बसता येईल. क्लावेर यांच्या अस्थी मुख्य वेदीखाली काचेच्या पेटीत ठेवलेल्या आहेत.

इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या कॅथलिक न्यायासनाचा वाडा प्लाझा बोलिव्हारवरच आहे. अमेरिका खंडात लिमा आणि मेक्सिको यांच्यानंतर तिसरे न्यायासन १६१० साली इथे स्थापन झाले. सध्याची इमारत मात्र १७७० च्या सुमारास पूर्ण झालेली आहे. बाजूच्या गल्लीत वरती क्रूस असलेली एक लहान खिडकी आहे, जिथे शेजाऱ्याविरुद्ध गुप्तपणे तक्रार करता येत असे, असे सांगतात. तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका असल्यामुळे गोव्याची आठवण तुम्हाला नक्कीच येईल. गोव्याचे न्यायासन त्याच्या पन्नास वर्षे आधी, १५६० साली सुरू झाले होते. त्या दोहोंत एक मोठा फरक होता. स्पॅनिश अमेरिकेत मूळ रहिवाशांना या न्यायासनाच्या कक्षेबाहेर ठेवले होते, तर गोव्यात हिंदूंवरही खटले चालवले गेले. लोक ज्याला व्हडलें घर म्हणत ती गोव्यातील इमारत एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. कार्ताहेनातील वाडा उभा आहे, म्हणून आपल्यासारख्यांनी तो आवर्जून पाहावा असे मला वाटते. आत यातनांच्या साधनांचे प्रदर्शन आहे. आईंना ते पाहवणार नसेल तर त्यांना बाहेर झाडाखाली बसवावे.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ हेतसेमानी या वस्तीसाठी राखून ठेवावी. ही कारागिरांची आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती होती. ११ नोव्हेंबर १८११ रोजी पेद्रो रोमेरो या कारागिराच्या पुढाकाराने इथलेच लोक शस्त्रे घेऊन नगर परिषदेवर चालून गेले आणि स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा करणे त्यांनी भाग पाडले. त्रिनिदाद चौकात सायंकाळी मुले चेंडू खेळतात, म्हातारी माणसे खुर्च्या टाकून बसतात. अलीकडे हॉटेलांमुळे भाडी वाढली आणि जुनी कुटुंबे हळूहळू बाहेर पडत आहेत, याचे मला फार वाईट वाटते. शक्य असेल तर तिथे खाण्यासाठी एखादी लहान, घरगुती जागा निवडावी.

ला पोपा नावाच्या टेकडीवरचा मठ आणि बोकाग्रांदेचा उंच इमारतींचा किनारा सोडला तरी चालेल.

तटबंदी

वेलांटीताईंनी माणसांविषयी सांगितले, मी दगडांविषयी सांगतो. मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली वीस वर्षे सह्याद्रीतील आणि कोकणातील किल्ले फिरतो आहे. कार्ताहेनाचा तट मी दोन दिवस लागोपाठ चालून पाहिला. तो बुटका आणि सरळसोट दिसत असल्यामुळे आपल्याकडून गेलेल्या माणसाची प्रथमदर्शनी थोडी निराशा होते. तो असा का आहे, हे कळले की मात्र त्यावरून नजर हटत नाही.

१५८६ साली इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने शहर जिंकले, काही आठवडे ताब्यात ठेवले आणि मोठी खंडणी घेऊन सोडले. दक्षिण अमेरिकेतील सोन्याचांदीची वाहतूक करणारी जहाजे याच बंदरात थांबत असल्याने स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने बाउतिस्ता आंतोनेल्ली या इटालियन अभियंत्याला तटबंदीच्या आखणीसाठी पाठवले. दगडी तटाचे काम क्रिस्तोबाल दे रोदा याने १६१४ साली हाती घेतले आणि शेवटचा टप्पा आंतोनियो दे आरेवालो याने १७९६ साली पुरा केला. जवळजवळ दोन शतके एकाच शहराभोवती काम चालू होते आणि त्याचा खर्च इतर प्रांतांच्या खजिन्यांतून दरसाल पाठवल्या जाणाऱ्या रकमेतून भागवला जात असे.

उंच भिंत तोफेला आयते लक्ष्य देते, म्हणून हा तट मुद्दाम ठेंगणा आणि जाड आहे. बुरूज गोल नसून बाणाच्या पात्यासारखे कोनी आहेत, म्हणजे एका बुरुजावरच्या तोफा शेजारच्या बुरुजाचा पायथा झोडपू शकतात आणि शत्रूला लपायला आडोसा उरत नाही. हीच रचना आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात आहे. हा योगायोग नव्हे, कारण युरोपातील ही कोनी बुरुजांची पद्धत पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोघांनीही उचलली होती आणि १५८० नंतरची साठ वर्षे दोन्ही राज्ये एकाच राजाच्या हाती होती. ज्यांनी वसई पाहिली आहे त्यांना कार्ताहेनात एका गोष्टीचा अनुभव येतो, ती म्हणजे असे शहर आतून नांदते असताना कसे दिसते. वसईत चर्चच्या भिंतींवर वड उगवले; इथे त्याच धर्तीच्या भिंतींआड लोक आजही संसार करत आहेत.

सान्ता कातालिना बुरुजाजवळ तटाला खाली वाकून हात लावून पाहावा. दगड खरखरीत आणि भोकाभोकांचा लागतो आणि जवळून पाहिले की त्यात पोवळ्याच्या पाकळ्यांसारख्या नक्ष्या आणि शिंपल्यांचे तुकडे स्पष्ट ओळखू येतात. हा प्रवाळाचा दगड समुद्रातून आणि जवळच्या बेटांवरून काढलेला आहे आणि तो काढणारे, घडवणारे, वाहणारे बहुतेक हात गुलामांचे होते. माझ्या बोटाएवढ्या खळग्यात एक अख्खा शंख बसलेला मला दिसला होता. शेजारीच लास बोवेदास ही २३ कोठारांची कमानदार रांग आहे. ती तटबंदीतील अखेरच्या बांधकामांपैकी एक असून तिथे आता हस्तकलेची दुकाने आहेत.

सान फेलिपे दे बाराहास या टेकडीवरच्या किल्ल्याला तिसऱ्या दिवशी सकाळी उघडतानाच जावे. आईंसाठी चांगली बातमी अशी की वर जायला पायऱ्यांऐवजी मुख्यतः फरसबंद चढण आहे. तरी सावली जवळजवळ नाही, म्हणून टोपी आणि पाणी हवेच, आणि त्यांनी अर्ध्या वाटेवरूनच दृश्य पाहून परत फिरले तरी हरकत नाही. आतल्या भुयारांत ठेंगणे, ओले कोपरे आहेत, तिथे त्यांना नेऊ नये.

या किल्ल्याबाबत एक गैरसमज सर्रास सांगितला जातो. १७४१ साली इंग्रज नौसेनापती एडवर्ड व्हर्नन दीडशेहून अधिक जहाजे घेऊन आला आणि एक पाय व एक डोळा गमावलेल्या, एक हात निकामी झालेल्या ब्लास दे लेसो या स्पॅनिश सेनानीने त्याला हटवले, ही कथा खरी आहे. इंग्लंडमध्ये विजय गृहीत धरून लेसो गुडघे टेकत असल्याची पदकेही पाडली गेली होती. परंतु आज दिसणारा अवाढव्य किल्ला तेव्हा नव्हता. १६५७ साली बांधलेला माथ्यावरचा लहानसा कोट तेवढा होता. खालचे बहुतेक मोर्चे आरेवालोने १७६० च्या दशकात, त्या लढाईपासून धडा घेऊन रचले. व्हर्ननच्या सैन्याचा सर्वांत मोठा संहार तोफांनी नव्हे तर पिवळ्या तापाने केला. पावसाळा तोंडावर आला होता आणि लेसोला हवा होता तो वेळ मिळाला. तो स्वतः त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहरातच वारला. तारखांच्या दृष्टीने पाहिले तर चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली. जगाच्या दोन टोकांना एकाच पद्धतीच्या किल्ल्यांचा कस दोन वर्षांच्या अंतराने लागला, एक पडला आणि एक टिकला. वसईत मराठ्यांनी सुरुंग लावून बुरूज फोडला होता. सान फेलिपेच्या भुयारांत फिरताना माझ्या डोक्यात सारखा तोच विचार होता, कारण खाली कोणी खणत असेल तर त्याची चाहूल लागावी हा त्या भुयारांचा एक उपयोग होता.

आणखी एक, जे डोळ्यांना दिसत नाही. खाडीला दोन तोंडे आहेत. त्यांपैकी बोकाग्रांदेचे रुंद तोंड आरेवालोने १७७० च्या दशकात पाण्याखाली दगडी बांध घालून बंद केले, म्हणजे मोठी जहाजे बोकाचिकाच्या अरुंद तोंडातून, दोन किल्ल्यांच्या तोफांमधूनच आत येऊ शकतील. विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या भिंतीविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच विचाराचे हे मोठे रूप आहे. बोकाग्रांदेच्या बाजूने पाण्याकडे पाहताना हे आठवावे.

रानजाई

वरच्या दोन्ही उत्तरांत ज्याचा उल्लेख राहिला ती गोष्ट सर्वांत तातडीची आहे. कोलंबिया हा पिवळ्या तापाचा देश मानला जातो. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे लसीचा दाखला नसेल तर त्याला विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरला जातो. मात्र साठीपुढच्या व्यक्तींमध्ये या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये. कार्ताहेनाहून अटलांटाला परतून आठ-दहा दिवस राहणार असाल तर सहा दिवसांची अट आपोआप सुटते. परतीची तिकिटे काढताना हे लक्षात ठेवावे.

खाण्याचे हाल होणार नाहीत, पण थोडे स्पॅनिश पाठ करावे लागेल. नुसते मांस नको म्हटले तर कोंबडी किंवा मासे वाढले जातात, कारण मांस म्हणजे गाई-डुकराचे असा तिथे समज आहे. म्हणून सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, म्हणजे मांस, कोंबडी, मासे नको, असे तिन्ही शब्द उच्चारावेत. राजमा दिसला तरी त्यात डुकराचे मांस असण्याचा संभव असतो, विचारून घ्यावे. नारळाच्या दुधातला गोडसर भात, कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले पातकोन आणि अंडे भरून तळलेली मक्याची आरेपा हे सर्वत्र मिळते. आमच्या आत्याबाईंना सर्वांत आवडली ती युका. उकडलेली किंवा तळलेली ही कंदमुळे म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा बनतो तोच कंद. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे, हे कळल्यावर उपासाच्या ताटाकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलली.

टॅक्सीला मीटर नसतो. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या, रंगीत झग्यांतल्या बायका भेटतील, त्यांना पालेन्केरा म्हणतात. त्यांचे छायाचित्र काढण्याआधी विचारावे आणि मोबदला द्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे फळे विकत घ्यावीत. त्यांचे मूळ गाव सान बासिलिओ दे पालेन्के हे शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. पळून गेलेल्या गुलामांनी ते वसवले. त्यांचा पुढारी बेंकोस बिओहो याला १६२१ साली कार्ताहेनात फाशी दिले गेले, तरी गाव टिकले आणि स्पॅनिश शब्दांना आफ्रिकेतील बांटू भाषांचे संस्कार झालेली त्यांची स्वतंत्र बोली आजही तिथे ऐकू येते. सबंध दिवस मोकळा असता तर बेटांऐवजी मी तिथेच जायला सांगितले असते.

बेटांच्या सहलीबाबत आमचा अनुभव वाईट आहे. जानेवारीतच आम्ही एका लहान वेगवान बोटीने गेलो. सकाळी पाणी शांत होते. दुपारी परतताना वारा सुटला, बोट लाटांवर अक्षरशः आपटत होती आणि माझ्या वडिलांची पाठ पुढे महिनाभर दुखत राहिली. क्षमतेपेक्षा माणसे जास्त भरली होती आणि आमच्या वाट्याला आलेली दोन जाकिटे फाटकी होती. गुडघ्याचा त्रास असलेल्या ७१ वर्षांच्या बाईंनी हा प्रवास करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

मुळामुठा

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. बेटे रद्द केली. आईच्या लसीबाबत उद्याच डॉक्टरांची वेळ घेते आणि परतीचे तिकीट पुढे ढकलते. एकच शंका उरली. आईला वाड्यांची फार आवड आहे, तिचे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. जुन्या शहरातली घरे आतून पाहता येतात का?

वेलांटी

पुष्कळशी पाहता येतात, कारण अनेक घरांत आता हॉटेले, दुकाने किंवा सरकारी कचेऱ्या आहेत आणि चौकापर्यंत कोणी अडवत नाही. आईंना दारापासूनच ओळख पटेल. मोठे दार लाकडाचे असते, त्यावर पितळी फुल्या ठोकलेल्या असतात आणि त्याच दारात वाकून जाण्याएवढी दिंडी असते, अगदी आपल्या वाड्यासारखी. कडीच्या जागी सरडा, सिंह किंवा मासा अशा आकाराचा, दार ठोठावण्याचा पितळी ठोकळा असतो. सरडा उमरावांचा आणि मासा दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा असे तिथे सांगतात. आत चौक, चौकाभोवती खांबांची ओसरी, आणि खाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके. तटाच्या आत गोड्या पाण्याचा झरा नव्हता, त्यामुळे शहराची तहान या टाक्यांवरच भागत असे.

कार्ताहेना विद्यापीठाच्या ताब्यातील ला मेर्सेद मठाचा चौक आईंना जरूर दाखवा. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी १९४८ साली याच शहरातील वृत्तपत्रात उमेदवारी केली होती आणि २०१६ पासून त्यांच्या अस्थी त्या चौकात विसावल्या आहेत. समुद्राकडचा तट तिथून अगदी जवळ आहे. सायंकाळी पाचच्या सुमारास तिथे गेलात तर आधी चौकात बसता येईल आणि मग सहाच्या आत, जिथे तटावर जाण्यासाठी पायऱ्यांऐवजी उतरती फरसबंदी आहे अशा ठिकाणाहून आईंना हात धरून वर नेता येईल. तोफा वर चढवण्यासाठीच ती उतरण केलेली आहे, त्यामुळे गुडघ्याला फारसे जड जाणार नाही.